गरम झाल्यावर तिसरा सिलिंडर सुटतो: १९३० ची ऑस्टिन सेव्हन

प्रश्न:
नमस्कार मंडळी. गाडी ७४७ सीसीची, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्ये). मागच्या महिन्यात हेड उतरवून चारही एक्झॉस्टचे (जळका वायू बाहेर सोडणारे) व्हॉल्व्ह आणि त्यांचे गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, नवे घातले. थंड असताना एका हँडलला सुरू होते. दहा-बारा मिनिटं पळाली, एखादा चढ लागला की तिसरा सिलिंडर सुटतो, म्हणजे पेटत नाही. प्लगांची अदलाबदल केली, वायर बदलली, सुटतो तो तिसराच. अर्धा तास थांबलं की पुन्हा ठीक. कॉइल (प्लगांच्या ठिणगीला वीज देणारी) बदलू का?

उत्तर १:
कॉइलला हात लावू नका. ती चारही सिलिंडरना एकच. तापून दगा देत असती तर सगळं इंजिन अडखळलं असतं. मला वाटतं व्हॉल्व्ह गाइडमध्ये आवळतोय.

तिसरा सुटला की लगेच स्विच बंद करा आणि हँडल सावकाश फिरवा. दोन फेऱ्यांत चार वेळा हाताला दाब लागला पाहिजे. तीनच लागले तर दोष विजेचा नाही. मग बाजूचं झाकण काढून बघा: टॅपेट (व्हॉल्व्हला खालून उचलणारा भाग) खाली आलाय, व्हॉल्व्ह मात्र वरच लटकलाय, मध्ये फट. पाना हाताशीच ठेवा. इंजिन निवलं की व्हॉल्व्ह आपला आपण बसतो आणि बघायला काही उरत नाही.

उत्तर २:
माझ्या गाडीचं उलट होतं. दोन वर्षं उभी होती. थंड असताना इनलेट (पेट्रोल-हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) अडकायचा, कार्बोरेटरमधून फटाके यायचे. दांडीवर जुन्या पेट्रोलचा लाखेसारखा तपकिरी थर होता, थिनरने निघाला. तुमचं दुखणं तापल्यावरचं, म्हणजे हा चिकटा नसावा.

प्रश्नकर्ता:
काल बघितलं. तिसऱ्याचा एक्झॉस्ट तीनेक मिलिमीटर वर अडकला होता. बघता बघता 'टक्' करून खाली बसला! काढला तर दांडीला वरच्या बाजूला बोटभर चकचकीत घासलेला पट्टा. पण गाइड बसवण्याआधी व्हॉल्व्ह घालून पाहिला होता, अगदी छान सरकत होता.

उत्तर १:
तिथेच चुकलं, आणि ही चूक मीही केली आहे. गाइड ब्लॉकमध्ये दाबून बसवला की त्याचं भोक आवळतं. माप बसवल्यानंतरच घ्यायचं आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) फिरवायचा. एक्झॉस्टला इनलेटपेक्षा मोकळीक जास्त लागते, कारण ती दांडी लालबुंद डोक्याच्या खालीच असते, गाइडपेक्षा जास्त फुगते. इंचाच्या हजाराव्या भागाचा हा खेळ आहे, म्हणून रीमर हाताने, सरळ, एकाच दिशेने फिरवा. उलटा फिरवलात तर धार जाते. दांडी एमरीने बारीक करू नका. बाकीचे तीन गाइडही तपासा, तेही त्याच दिवशी बसवलेत. रीम झाल्यावर सीट (व्हॉल्व्हचं डोकं टेकतं ती कडा) पुन्हा लॅप करा, म्हणजे पेस्ट लावून व्हॉल्व्हशी घासून जुळवा, आणि टॅपेटची फट नव्याने लावा.