घर विकायला काढलं तेव्हा काय काय केलंत?

चौथीभाकरी: आमच्या समोरचा फ्लॅट विकायला काढलाय, रंग लागतोय. जिन्यात तो वास आला आणि मी थेट २०११ च्या डोंबिवलीत. वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. एजंटने बजावलं होतं, "ताई, पसारा दिसता कामा नये, पण घर ओकंबोकंही दिसायला नको." म्हणून माळ्यावरचं सगळं बहिणीकडे आणि तिच्याकडचे दोन बरे पडदे आमच्याकडे. बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची. सासरे म्हणाले, नुसता रंग फासून लपवू नका. म्हणून आधी बाहेरचा फुटका पाइप बदलला, मग पुट्टी.

खरी अडचण स्वयंपाकघराच्या चौकटीची. लेकीच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, तारखांसकट. रंगारी ऑइलपेंटचा डबा उघडून उभा, "भाभी, ये भी?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तेवढी एक बाजू तशीच ठेवली. घर बघायला आलेल्या एका बाईंनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "आता केवढी आहे?" घर त्यांनीच घेतलं. पन्नास हजार कमी करून घेतले ते वेगळं!

तुमचे अनुभव सांगा.

पिंपळपान: पाणी!! लोक आले की आधी नळ सोडून बघतात. आम्ही वेळच पाणी यायच्या तासाची द्यायचो. आणि वरच्या काकूंना हात जोडून, अर्धा तास खलबत्ता नको.

घारापुरी: न्यू जर्सी. रिअल्टर बाईने फॅमिली फोटो, फ्रिजवरची मॅग्नेटं, देव, सगळं उचलायला लावलं. ओपन हाउसच्या आधी चार दिवस फोडणी बंद, सँडविचवर काढले. देव्हारा गाडीत मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून, आम्ही दोघं पुढे, दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन तास. नवऱ्याने तिथेच अथर्वशीर्ष म्हटलं. घर घेतलं एका तेलुगू कुटुंबाने. पहिला प्रश्न काय, तर पूजेची जागा कुठली?

पिंपळपान: सीटबेल्ट 😂😂

नानाची_टांग: रंगबिंग ठीक, कागद आधी बघा हो. बाबा गेल्यावर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (फ्लॅट कोणाच्या नावावर, ते दाखवणारा कागद) नाव चढवलंच नव्हतं. मला वाटलं मी नॉमिनी, झालं काम. कसलं काय! नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दोन्ही बहिणींचं हक्कसोडपत्र, त्याची नोंदणी, मग सोसायटीची मीटिंग. तोवर आलेली पार्टी दुसरीकडे गेली आणि नव्या रंगाला पोपडे धरले. वर सेक्रेटरी ट्रान्सफरचे लाखभर मागत होते. जास्तीत जास्त २५ हजार घेता येतात, हे परिपत्रक दाखवल्यावर गप्प. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे आपल्या नावाने भरायचा इन्कम टॅक्स, आधीच कापतो, तेही धरून चाला. मी धरलं नव्हतं.

सुपारी_कातरी: आमचं दार दक्षिणेला. एजंट प्रत्येकाला सांगायचा, "लिफ्टमधून बाहेर आलं की पूर्वच आहे." अहो, पण दार? पितृपक्षात एक फोन नाही, घटस्थापनेच्या दिवशी सकाळपासून चार.

ओसरी: बाबांची खाट काढली तर फरशीवर चार पायांचे गंजाचे डाग. लिंबू लावलं, सोडा लावला, निघाले नाहीत. त्यावर टीपॉय ठेवला. कोणी उचलून बघितलं नाही.

घारापुरी: ओसरी 🙏

चौथीभाकरी: ओसरी, अगं... आमच्याकडे आईच्या शिवणयंत्राचे होते तसे.

खिडकीतला_कावळा: डोंबिवली पूर्व की पश्चिम?

चौथीभाकरी: पूर्व! स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, जाहिरातीत पाच 😄

खिडकीतला_कावळा: म्हणजे दिवाळी पहाटेला फडके रोड ठरलेला. आम्ही दहावीपर्यंत नेमाने जायचो. कपडे नवे, पण चप्पल जुनी, गर्दीत तुटते म्हणून.

सुपारी_कातरी: चप्पल!! माझी एक अजून तिथेच असेल.

नानाची_टांग: विषय घराचा चाललाय...

पिंपळपान: ते जाऊ दे. चौथीभाकरी, समोरचे किती सांगतायत?

चौथीभाकरी: विचारलं नाही गं अजून. संध्याकाळी वाटीभर साखर मागायला जाते.