मदत हवी आहे: मुलांच्या वॉर्डातल्या चित्र-गाण्यांच्या उपक्रमासाठी

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात आम्ही तिघी जणी दर शनिवारी चित्रं आणि गाणी घेऊन जातो. परवा एका मुलीच्या उजव्या हाताला सलाइन होतं, तर तिने डाव्या हाताने कोंबडा काढला. तुरा रंगवता रंगवता सुईकडे बघायचंच विसरली. तिच्या आईचे डोळे भरून आले.

आता मोठ्या डॉक्टरांनी वर्षभराची रीतसर योजना मागितली आहे. संशोधक रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास मी जोडलाय: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. कलेचा आरोग्याला होणारा उपयोग यावरचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ चा अहवालही आहे. पुरावा आहे, अडतंय ते रोजच्या व्यवहारात.

भिंतींवर वारली चित्रं काढायची आहेत. पण गेरू आणि तांदळाच्या पिठाचं काम तिथे टिकणार नाही, भिंती जंतुनाशकाने पुसतात. पुसला तरी टिकेल आणि दम्याच्या मुलांना वासाचा त्रास होणार नाही, असा रंग कोणता? खडू प्रत्येक मुलाला वेगळे द्यायचे, की पुसून पुन्हा वापरता येतात? नर्सताईंचं काम न वाढवता वेळ कशी ठरवायची?

आणि मानधन. वारली कलाकारांना फुकट राबवणं मला अजिबात पटत नाही. त्यासाठी सीएसआर निधी (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात तो) कुणी मिळवलाय का? अर्ज कसा केलात, जरा सविस्तर सांगा. पुढच्या सोमवारी बैठक आहे.