मदत हवी आहे: 'ब्लॅक नाइट' (१९८०) टेबल व्हीपी९ वरून व्हीपीएक्स १०.८ वर नेताना वरच्या मजल्याने घोळ घातलाय

डावा_फ्लिपर

नमस्कार मंडळी,

विल्यम्सचं १९८० चं 'ब्लॅक नाइट' हे पिनबॉल मशीन सगळ्यांना माहीत असेलच: स्टीव्ह रिचीचं डिझाइन, सिस्टम ७, दुमजली प्लेफील्ड, चार फ्लिपर, तीन बॉलचा मल्टिबॉल आणि मॅग्ना-सेव्ह (निसटणारा बॉल बटणाने पकडायचा चुंबक). याचं जुन्या व्हिज्युअल पिनबॉल ९ (संगणकावर पिनबॉल खेळायचा प्रोग्रॅम, थोडक्यात व्हीपी९) साठी बनवलेलं टेबल त्याच प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीवर, व्हीपीएक्स १०.८ वर, आणायचं चाललंय. मूळ टेबल बनवणाऱ्याची बदलांना लेखी परवानगी आहे, त्यामुळे तो विषय नको.

झालेलं काम: व्हीपीटी फाइल व्हीपीएक्समध्ये उघडून व्हीपीएक्स म्हणून सेव्ह केली. एनफॉझी फ्लिपर फिजिक्स, रबरांचे डॅम्पनर (उसळी आवरणारा कोड) आणि फ्लीपचे आवाज नमुना टेबलातून स्क्रिप्टमध्ये आणले (एनफॉझी आणि फ्लीप ही ते बनवणाऱ्यांची नावं). रॉम (मूळ मशीनच्या प्रोग्रॅमची फाइल) बीके_एल४.

अडचणी:

१. ३२ बिटमध्ये टेबल उघडतं. ६४ बिटमध्ये 'अ‍ॅक्टिव्हएक्स कॉम्पोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट' येऊन थांबतं.
२. फ्लिपरची ताकद कितीही बदलली तरी नेम लागत नाही. उजवा फ्लिपर तर डाव्यासारखा वागतच नाही.
३. खालच्या मजल्यावरचा बॉल वरच्या फ्लिपरांच्या खालून जाताना अधूनमधून दिशा बदलतो. तिथे काहीही आदळण्यासारखं नाही.
४. वरच्या मजल्यावर बॉल घरंगळण्याचा आवाज येत नाही.
५. मॅग्ना-सेव्ह बॉल पकडतं, पण सोडल्यावर तो सरळ आउटलेनमध्येच (बॉल बाद होतो त्या कडेच्या वाटेत) पडतो.
६. मल्टिबॉलमध्ये चित्र अडखळतं.

प्लेफील्डचं चित्र ४०९६ × ८१९२, दोन्ही मजल्यांना वेगळं. आणखी काही माहिती हवी असेल तर सांगा.

---

सोळेनॉइड

पहिल्याचं सोपं आहे. व्हीपिनमेम (रॉम चालवणारा प्रोग्रॅम) ३२ आणि ६४ बिटसाठी वेगवेगळं नोंदवावं लागतं. त्याच फोल्डरात ६४ बिटचं सेटअप असतं, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि इन्स्टॉल दाबा. बाहेरचा डिस्प्ले वापरत असाल तर त्याचीही ६४ बिटची फाइल त्याच फोल्डरात हवी. रॉमची झिप फोडायची नाही, जशी आहे तशी रॉम्स फोल्डरात ठेवायची.

एक इशारा देऊन ठेवतो. स्क्रिप्ट व्हीबीस्क्रिप्टमध्ये आहे आणि मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच ती भाषा हळूहळू काढून टाकणार असल्याचं जाहीर केलंय. आज ती विंडोजमध्ये आहे. उद्या नव्या मशीनवर टेबलं एकदम बंद पडली तर आधी विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समध्ये व्हीबीस्क्रिप्ट आहे का बघा, टेबलात शोधत बसू नका.

---

आउटलेन

दुसऱ्या अडचणीसाठी चारही फ्लिपरांचे हे आकडे द्या: बेस रेडियस, एंड रेडियस, लांबी, सुरुवातीचा आणि शेवटचा कोन. ताकद किती आहे हे तूर्त महत्त्वाचं नाही.

---

डावा_फ्लिपर

चारही फ्लिपर सारखे आहेत. बेस २१.५, एंड १३, लांबी १३०. डावा १२१ वरून ७०. उजवा २३९ वरून २९०. ताकद सध्या २८००.

---

आउटलेन

मग चूक आकड्यांतच आहे. व्हीपीच्या मापात बॉलचा व्यास ५० धरतात आणि खरा बॉल १ १/१६ इंचाचा असतो. म्हणजे १ इंच = ४७.०६ युनिट. ३ इंची फ्लिपर रबरासकट साधारण ३ १/८ इंच भरतो, म्हणजे १४७ युनिट. ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी आहे: बेस रेडियस + लांबी + एंड रेडियस. तुमची बेरीज २१.५ + १३० + १३ = १६४.५. म्हणजे जवळजवळ साडेतीन इंची फ्लिपर झाला. लांबी ११२.५ करा. वरचे फ्लिपर मात्र मशीनच्या फोटोवरून किंवा मॅन्युअलमधल्या पार्ट नंबरवरून मोजून घ्या, खालच्यांची नक्कल करू नका.

फ्लिपर छोटे केल्यावर मधली फट मोठी दिसेल. तेव्हा फ्लिपर आत सरकवायचा मोह आवरा आणि आधी टेबलाची रुंदी तपासा. पुष्कळ जुनी टेबलं नजरेच्या अंदाजाने आखलेली असतात. खऱ्या प्लेफील्डची इंचातली रुंदी आणि लांबी गुणिले ४७.०६ हीच टेबलाची रुंदी आणि लांबी हवी. सगळीकडे दिसणारं ९५२ × २१६२ हे माप नंतरच्या डब्ल्यूपीसी (विल्यम्सच्या नव्वदीतल्या) मशीनचं, म्हणजे साधारण २०.२५ × ४६ इंचाचं आहे. १९८० च्या मशीनला ते डोळे झाकून लावू नका.

उजवा फ्लिपर: २३९ म्हणजेच −१२१ आणि २९० म्हणजेच −७०. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एनफॉझीच्या स्क्रिप्टला उजव्या फ्लिपरचे कोन ऋणच लागतात. फ्लिपर विसावलाय की उचललेला आहे हे ती या कोनांवरून ठरवते. धन कोन दिले की लाइव्ह कॅच (येणारा बॉल फ्लिपरवर थोपवणं) आणि फ्लिपरच्या इतर ट्रिक्सचं गणित उजव्या बाजूला उलटं होतं.

मग ताकदीकडे वळा. व्हीपी९ मधून आलेले फ्लिपरचे सगळे आकडे पुसून टाका, नव्या इंजिनात त्यांना अर्थ नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या मध्यापर्यंतच्या मशीनसाठी मास १, ताकद १४०० ते १६००, इलॅस्टिसिटी ०.८८, फॉलऑफ ०.१५, कॉइल रॅम्प अप २.५, स्कॅटर ०, ईओएस (फ्लिपरच्या फटक्याचा शेवट) टॉर्कचा कोन ४. २८०० हा आकडा नव्वदीतल्या मशीनच्या आसपासचा झाला. टेबलाचं ग्रॅव्हिटी ०.९७, प्लेफील्डचं घर्षण ०.१५ ते ०.२५, इलॅस्टिसिटी ०.२५.

क्रमही हाच ठेवा: माप, मग कोन, मग हे आकडे, आणि स्क्रिप्टमधलं करेक्शन सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलं की चुकीच्या लांबीची भरपाई ताकदीने होते, ताकदीची भरपाई उताराने, आणि महिन्याभराने कुठलाच आकडा भरवशाचा राहत नाही.

---

सोळेनॉइड

+१. त्यात भर: इनिटपोलॅरिटीचे (फ्लिपरवरून सुटणाऱ्या बॉलची दिशा आणि वेग सुधारणाऱ्या पोलॅरिटी करेक्शनचे) वेगवेगळ्या काळांसाठी चार-पाच ठोकळे नमुना टेबलात असतात, एक सोडून बाकीचे कॉमेंट करायचे. दोन उघडे राहिले तरी एरर येत नाही. एकाच नावाचे दोन क्लास किंवा कॉन्स्ट असले तर व्हीबीस्क्रिप्ट 'नेम रिडिफाइन्ड' म्हणून ओरडते. दोन सब (सबरूटीन) असल्या तर मात्र गप्प बसते आणि खालची चालवते. स्क्रिप्ट तुकड्यातुकड्यांनी डकवली असेल तर प्रत्येक सबचं नाव शोधून ते एकदाच आहे ना, हे बघा.

फ्लिपर उचलणं कीडाउनमध्ये (बटण दाबल्यावर चालणाऱ्या सबमध्ये) नको, सोलेनॉइड कॉलबॅकमध्येच (कॉइल चालू-बंद झाल्यावर चालणाऱ्या सबमध्ये) हवं. वरचे दोन फ्लिपरही त्याच दोन सबमध्ये, खालच्यांच्या जोडीला. यूजसोलेनॉइड्सची किंमत २ ठेवली की फास्टफ्लिप्स चालू होतात आणि बटण दाबल्यापासूनचा उशीर कमी होतो.

---

डावा_फ्लिपर

लांबी ११२.५ आणि कोन −१२१, −७० केल्यावर दोन्ही बाजू सारख्या झाल्या. ताकद १५०० ठेवली. ६४ बिटही चाललं. आता तिसरी अडचण. वरच्या फ्लिपरांसाठी वेगळे ट्रिगर (बॉल आत-बाहेर गेल्याचं स्क्रिप्टला कळवणारे अदृश्य भाग) केलेत, खालच्यांची नक्कल करून.

---

टिल्ट_नको

नक्कल केलीत तिथेच गडबड झाली. पोलॅरिटी करेक्शनचा ट्रिगर फ्लिपरपेक्षा थोडा मोठा असतो आणि त्याची हिट हाइट १५० ठेवायची पद्धत आहे. दुमजली टेबलात ती पद्धत अंगाशी येते. नकलेमुळे वरच्या ट्रिगरची सरफेस रिकामी राहिली, म्हणजे ट्रिगर खालच्या प्लेफील्डपासून १५० पर्यंत उभा आहे. खालून जाणारा बॉल त्यात शिरतो, त्याच वेळी तुम्ही फ्लिपर मारता, आणि बाहेर पडताना स्क्रिप्ट त्याचा आडवा वेग बदलते. फ्लिपर न मारता बॉल गेला तर काही होत नाही, म्हणून ते 'अधूनमधून' वाटतं.

उपाय: वरच्या दोन्ही ट्रिगरची सरफेस म्हणून वरच्या मजल्याची भिंत निवडा, हिट हाइट ५० करा. खालच्यांची १५० राहू द्या. वरच्या फ्लिपरांना पोलॅरिटीचे स्वतःचे ऑब्जेक्ट आणि सेटऑब्जेक्ट्सची स्वतःची ओळ हवी, खालच्यांचे उसने घेऊ नका.

वरच्या मजल्याच्या भिंतीची तळाची उंचीही बघा. व्हीपी९ मधल्या भिंती बऱ्याचदा ० पासून उभ्या असतात. बॉलचा व्यास ५०, म्हणून तळ ५० च्या वरच हवा, ५५ ते ६० ठीक.

तपासणीसाठी खेळताना डी दाबून डीबगर उघडा. त्यात माउसने बॉल फेकायची सोय आहे. वरच्या फ्लिपरांच्या खालून वेगवेगळ्या वेगाने बॉल सोडा आणि त्याच क्षणी फ्लिपर मारा.

चौथी अडचणही याच जातीची. घरंगळण्याच्या आवाजाचा लूप बॉलचा झेड (उंची) ३० पेक्षा कमी असेल तरच वाजतो, नाहीतर तो बॉलला हवेत किंवा रॅम्पवर समजतो. खालच्या प्लेफील्डवर बॉलचं केंद्र २५ वर असतं. तुमचा वरचा मजला किती उंचीवर आहे?

---

डावा_फ्लिपर

९० वर.

---

टिल्ट_नको

मग वर झेड ११५ असणार. अट वाढवा: झेड ३० पेक्षा कमी, किंवा ११० ते १२० च्या दरम्यान. रॅम्पवरून चढताना बॉल त्या पट्ट्यातून क्षणभरच जातो, त्यामुळे तो रॅम्पचा आवाज बिघडवत नाही. वरच्या मजल्याचा आवाज किंचित बारीक ठेवला तर कानाला बरं वाटतं, पण ती आवड झाली.

---

आउटलेन

मॅग्ना-सेव्ह. कोअर स्क्रिप्टमधला चुंबकाचा क्लास वापरलाय असं धरतो. त्यात ग्रॅबसेंटर नावाची प्रॉपर्टी आहे. ती चालू असली की बॉल चुंबकाच्या मध्याला खिळतो. सुटल्यावर त्याला आडवा वेग शून्य, उताराने तो सरळ खाली, म्हणजे आउटलेनमध्ये. खऱ्या मशीनवर चुंबक बॉलला ओढतो, बॉल त्याच्याभोवती हलत राहतो आणि सुटताना मिळालेल्या झोक्याने इनलेनकडे (फ्लिपरकडे नेणाऱ्या वाटेकडे) जातो, तोही दर वेळी नाहीच.

इनिटमॅग्नेटनंतरच्या ओळीत ग्रॅबसेंटर स्पष्टपणे फॉल्स करा, क्लासने स्वतः ठरवलेल्यावर सोडू नका. मग ताकद अगदी कमीपासून सुरू करून एकेक वाढवा. चुंबकाची व्याप्ती ट्रिगरच्या रेडियसवरून ठरते, म्हणून ट्रिगर आउटलेनच्या तोंडाच्या वर हवा, आत उतरलेला नको. ही जुळणी फ्लिपर, उतार आणि घर्षण पक्के झाल्यावरच करा. उतार अर्ध्या अंशाने बदलला तरी चुंबक पुन्हा जुळवावा लागतो.

---

सोळेनॉइड

सहावी अडचण. अडखळण्यामागे बहुधा दोन कारणं एकत्र आहेत. मल्टिबॉलमध्येच होतं म्हणजे मुख्य कारण स्क्रिप्ट. जुनी टेबलं ड्रेनमध्ये (फ्लिपरांखाली बॉल पडतो तिथे) बॉल नष्ट करतात आणि नवा बनवतात. शिवाय आवाज, सावली, फ्लिपर ट्रिक्स असे चार-पाच टायमर प्रत्येक वेळी गेटबॉल्सने टेबलावरच्या बॉलची यादी मागतात. याऐवजी सुरुवातीला एकदाच तीन बॉल बनवा, ट्रफमध्ये (बॉल साठतात त्या जागी) तीन किकर (बॉल धरून ढकलणारे भाग) ओळीने ठेवा, आणि तेच बॉल पुढे ढकलत राहा. मग तिघांची एक जागतिक यादी करून सगळीकडे तीच वापरा. हे त्याच क्रमाने. आधी यादी केली आणि कुठेतरी बॉल नष्ट करणारी ओळ राहिली, तर यादीत मेलेला बॉल राहतो आणि खेळ मध्येच एरर देऊन थांबतो.

टायमर: फक्त चित्राशी संबंधित काम (फ्लिपरच्या सावल्या, प्रिमिटिव्ह फिरवणं) इंटरव्हल −१ वर, म्हणजे फ्रेममागे एकदा. फिजिक्सचं काम १० मिलिसेकंदांवर. १ मिलिसेकंदाचा टायमर दिसला की संशय घ्या. मात्र कॉरचं (बॉलच्या वेगाची नोंद ठेवणाऱ्या कोडचं) अपडेट १० च्या टायमरमधून चुकूनही काढू नका. आदळण्याआधीचा वेग त्यातून मिळतो, तो बंद पडला तर डॅम्पनर शिळ्या आकड्यांवर चालतात आणि रबरं वाटेल तशी उसळतात.

दुसरं कारण चित्रं. ४०९६ × ८१९२ चं चित्र ग्राफिक्स कार्डात ४ बाइट प्रति पिक्सेल धरून १२८ एमबी घेतं, मिपमॅप धरून सुमारे १७१. तुमची दोन आहेत. जेपेग केल्याने फाइल लहान होते, कार्डातली जागा तेवढीच राहते. २०४८ × ४०९६ केलंत तर एकाला ३२ एमबी. आधी एफ११ दाबून फ्रेमचे आकडे बघा, म्हणजे दोषी कोण ते कळेल.

---

डावा_फ्लिपर

ट्रिगर, आवाज, चुंबक तिन्ही जागेवर आले. ट्रफचं काम चालू आहे. एक नवीन: रबरी पोस्टांवर डॅम्पनर चालतच नाही. डीपोस्ट्स कलेक्शन केलंय, सगळे पोस्ट त्यात आहेत, स्क्रिप्टमध्ये सबही आहे.

---

टिल्ट_नको

कलेक्शन मॅनेजरमध्ये त्या कलेक्शनवर 'फायर इव्हेंट्स' ची खूण आहे का? नसेल तर सब कधीच चालणार नाही आणि एररही येणार नाही. ती असेल तर प्रत्येक पोस्टचं 'हॅज हिट इव्हेंट' बघा. व्हीपी९ मधून आलेल्या भिंतींवर ते बहुतेक बंदच असतं. सगळे एकत्र निवडून एकदाच चालू करता येतं.

---

आउटलेन

आणि नवी आवृत्ती वेगळ्या नावाने सेव्ह करणार असाल तर बॅकग्लासच्या (मशीनच्या उभ्या मागच्या चित्राच्या) डायरेक्टबी२एस फाइलचं नाव टेबलाच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. १०.८ मध्ये टेबलाशेजारी त्याच नावाची आयएनआय फाइल असते, तिचंही तसंच. नाहीतर कॅमेऱ्याची जुळणी आणि बॅकग्लास दोन्ही गायब होतील आणि पुढचा धागा त्यावर उघडावा लागेल.