दातवाल्या माशासाठी लूर (म्हणजे नकली आमिष) कुठला आणि तोंडातून गळ काढायचा कसा? (अंगठा फाटलाय, हसू नका)

खंड्या
नमस्कार मंडळी. आजवर मरळीवर बेडूक लूर फिरवण्यात आयुष्य गेलं, तिथे फार डोकं लावावं लागत नाही, जाड ब्रेड (विणलेली दोरी) थेट लूरला बांधा, शेवाळावर टाका, गप्पकन आवाज आला की ओढा. आता पाईक, म्हणजे तो धारदार दातांचा शिकारी मासा, असलेल्या पाण्यात जायला लागलोय आणि तीन खेपांत पाच लूर गेले. ब्रेड ५० पौंडाची आहे, हाताने ओढून तुटत नाही, पण टोक बघितलं तर ब्लेडने कापल्यासारखं साफ. चौथ्या खेपेला एकदाचा आला, हातभर तरी असेल, मी मरळीला धरतो तसं डोक्यामागून धरायला गेलो तर गरकन वळला आणि माझा अंगठा त्याच्या तोंडात. त्यात लूरला दोन ट्रेबल (तीन टोकांचे गळ), एक त्याच्या जबड्यात आणि दुसरा माझ्या सुती जाळ्यात अडकलेला, मी एका हाताने रक्त दाबतोय, मासा गवतावर आपटतोय, असं पाचसात मिनिटं तरी चाललं असेल. सोडला तेव्हा पोट वर करून गेला. अंगठा भरेल हो, पण ते पांढरं पोट काही डोक्यातून जात नाहीये. तर लूर कुठले, रंग कुठला, लीडर (दोरी आणि लूरमधला तुकडा) कसला, आणि धरायचं कुठे, सगळंच सांगा.

पाणडुब्या
खंड्याभाऊ, पहिलं म्हणजे ब्रेड थेट बांधणं आजपासून बंद. ब्रेड ओढायला कितीही दणकट असली तरी ते शेवटी बारीक धाग्यांचं विणकाम, दात घासला की संपलं, तिथे पौंडांचा काही संबंध नाही. पाईकसाठी सात पदरी स्टीलच्या तारेचा लीडर घे, ३० पौंडाचा, आणि निदान ३० सेंमी लांब, कारण हा मासा लूर आडवा धरतो आणि मग गोल गोल लोळतो, लीडर आखूड असला की तोंडाच्या कडेने ब्रेडच येते दाताखाली. तारेला एकदा का मुरड पडली की सरळ करत बसू नको, फेकून दे, पुढच्या वेळी तिथूनच तुटणार. टायटॅनियमची तार वाकून परत सरळ होते, महाग पडते पण टिकते. काही लोक जाड फ्लुरोकार्बन (एकसंध प्लॅस्टिकचा धागा) वापरतात, मस्कीवाले (मस्की म्हणजे पाईकचाच मोठा भाऊबंद) तर १०० ते १३० पौंडाचा सर्रास लावतात, पण त्याच्यावरून दर मोठ्या माशानंतर बोट फिरवून बघायचं, खरखरीत लागलं की कापून नवीन. टायगरफिशसारख्या माशाला मात्र तारच लागते. आणि हे लूर वाचवायला सांगत नाहीये बरं का, तुझे ते पाच लूर कुठे आहेत विचार कर, पाच माशांच्या तोंडात आहेत, ट्रेबलने जबडा शिवल्यासारखा झाला तर तो खाणार काय?

काठावरची
पाणडुब्यांशी सहमत, पुढचं मी सांगते. खंड्यादादा, तुम्ही लूर आणि हाताळणी असे दोन वेगळे प्रश्न विचारलेत पण तो एकच प्रश्न आहे. दुकानात लूर हातात घेतला की मासा चावेल का हे सगळेच बघतात, मी आधी बघते की हा तोंडातून निघेल कसा. तीन ट्रेबल म्हणजे नऊ टोकं, त्यातली दोन माशात आणि उरलेली सात तुमच्या बोटांची वाट बघतायत. मी सगळ्या ट्रेबलचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करते, आणि बऱ्याच लूरचा मागचा ट्रेबल काढून तिथे मोठा सिंगल हुक लावते. काटा दाबल्याने मासे सुटतात असं म्हणतात, दोरी ताणलेली ठेवली तर मला तरी फार फरक जाणवला नाही. हुक बदललात तर लूर एकदा काठाशी पोहवून बघा, वजन बदललं की काही लूर आडवे पडतात.

नवख्या माणसाने स्पिनरबेटने (तारेवर फिरणारं पातं असलेला लूर) सुरुवात करावी असं माझं मत. एकच हुक, टोक वर, त्यामुळे पाणवनस्पतीतून सुटा येतो आणि माशाच्या तोंडातूनही पटकन निघतो. मोकळ्या पाण्यात चमचा म्हणजे स्पून, साधारण २० ग्रॅमचा, वर्षानुवर्षं चालत आलेला प्रकार आहे. पाणी थंड असलं की सगळं हळू, तेव्हा पाण्यात मध्येच तरंगत थांबणारा जर्कबेट, दोन झटके आणि मग थांबायचं, अगदी कंटाळा येईपर्यंत थांबायचं, धडक बहुतेक त्या थांबण्यातच बसते. रंगावर लोक तासन् तास भांडतात, गढूळ पाण्यात भडक रंग आणि थरथरणारं पातं, स्वच्छ पाण्यात तिथल्या माशांसारखा रंग, यापुढे मी तरी जात नाही.

आता धरणं. मुळात तुमची चूक डोक्यामागे धरण्यात नाही, मासा पाण्याबाहेर काढण्यात आहे. मरळ हवेतून श्वास घेते, तिला दहा मिनिटं गवतावर ठेवली तरी ती तुमच्याकडे रागाने बघत बसेल, त्यावरून आपल्याला वाटतं मासे दणकट असतात. पाईकचं तसं नाही, त्याला फक्त कल्ले. म्हणून गळ काढायचं काम पाण्यातच, मोठ्या रबरी जाळ्यात. सुती जाळ्यात ट्रेबल गुंततात हे तुम्ही बघितलंच, शिवाय त्याने अंगावरची बुळबुळीत साय खरवडली जाते. हात ओले करा, चारही बोटं एकमेकांना चिकटवून कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कडेतून आत सरकवा, झाकणाच्या आतल्या बाजूला घासत घासत हनुवटीकडे न्या, जिथे हाड लागतं तिथे थांबा, अंगठा बाहेरून दाबा. कल्ल्यांच्या लाल झालरीला बोट लागता कामा नये, तिथे त्यालाही रक्त येतं आणि आतले कमानीवरचे काटे तुमचं बोटही फाडतात. असा हनुवटीने थोडा उचलला की तोंड आपोआप उघडतं. तोंडात बोट कधीच नाही, टाळूवरचे शेकडो दात घशाकडे वळलेले असतात, आत जाताना कळत नाही, बाहेर ओढताना कळतं.

रिकामी_पिशवी
>> बाहेर ओढताना कळतं

कळतं हो ताई, माझ्या तर्जनीला विचारा 😭

बाकी जबडा फाकवायची ती स्प्रिंग मिळते तिच्याबद्दल काय मत? माझ्याकडे आहे, माझा जीव की प्राण.

काठावरची
छोट्या माशाला मोठी स्प्रिंग लावली तर जबड्याचं वाटोळं होतं, आणि टोकं तोंडात रुततात. वापरायचीच असेल तर टोकांना टेप गुंडाळा. हनुवटीची पकड नीट जमली की तिची गरज क्वचितच पडते.

पाणडुब्या
स्प्रिंगपेक्षा कटर महत्त्वाचा, आणि तो पिशवीच्या तळाशी नाही, हाताशी. लांब चोचीची पक्कड, निदान २५ सेंमीची, आणि जाड हुक कचकन तोडेल असा साईड कटर, ही दोन हत्यारं पहिला लूर पाण्यात पडायच्या आधी बाहेर काढून ठेवायची. हुक निघत नसेल तर हट्ट नको, तोडून टाक, एका हुकाची किंमत ती काय. खोल गिळला असेल तर कल्ल्याचं झाकण हलकेच उघडून त्या बाजूने पक्कड घालायची आणि हुक उलटा फिरवायचा, पण हे आधी कुणाला तरी करताना बघ, वाचून करू नको.

हुक स्वतःच्या हातात घुसला आणि दुसरं टोक माशात असलं तर सगळ्यात आधी हुक तोडून मासा वेगळा कर, नाहीतर त्याच्या प्रत्येक झटक्याला तू नाचशील (मी नाचलोय, होडी हलत होती, प्रेक्षकही होते). काटा दाबलेला असेल तर आला तसा निघतो. डोळ्याजवळ किंवा सांध्यात असेल तर हात लावू नको, सरळ डॉक्टर. आणि तो अंगठा साबणाने धुतलास का, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंयस?

खंड्या
अंगठा धुतला, इंजेक्शन काल घेतलं, बायकोने हाताला धरून नेलं. दोन शंका. हातमोजे घालू का? आणि फोटो काढायचा तर?

काठावरची
हातमोजा एकाच हातात, कल्ल्याकडच्या, कापला न जाणारा, आणि तोही ओला करून. पण हुक त्यातूनही आरपार जातो आणि मग मोज्यासकट अडकता, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. फोटोसाठी मासा जाळ्यात पाण्यातच ठेवा, फोटो काढणाऱ्याला तयार राहू द्या, मग एक हात हनुवटीत, दुसरा पोटाखाली, आडवा उचला, एकदोन क्लिक आणि परत खाली. उभा टांगू नका, एवढं वजन मणक्यावर येतं. आणि डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून धरलेले जुने फोटो बघून कुणी तसं करायला जाऊ नये. सोडताना शेपटीजवळ धरून सरळ ठेवा, मागेपुढे हलवत बसू नका, तो स्वतःच हिसका देतो. तुमचा पोट वर करून गेला ना, तसा कधी झाला तर जाळ्यातच सरळ धरून थांबा, पाच मिनिटं लागली तरी.

पाणडुब्या
पाणी किती गरम होतं रे त्या दिवशी?

खंड्या
मोजलं नाही, पण पाय घातले तर कोमट वाटत होतं.

पाणडुब्या
मग अर्धं उत्तर तिथेच आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी आणि झुंज देऊन मासा आधीच दमलेला. मस्कीवाले साधारण २७ अंशांना दांडी गुंडाळतात, पाईकला मी त्याच्याही बरंच आधी, विशीच्या थोडं वर गेलं की सोडून देतो. थर्मामीटर दोरीला बांधून टाकत जा, आणि तोवर मरळीवरच बेडूक फिरव.