रामापिथेकस पूर्वजांच्या यादीतून का काढला? नुसत्या दातांवरून ओळखतात तरी कसं?

पाऊलवाट:
भाची स्पर्धा परीक्षेसाठी मानवशास्त्र घेऊन बसलीये, तिच्या जुन्या नोट्समध्ये रामापिथेकस (फक्त जीवाश्मांवरून माहीत असलेला वानर) हा माणसाचा पूर्वज असं ठळक लिहिलंय आणि नव्या पुस्तकात तो पूर्वजांत धरलेलाच नाही. जबड्याच्या तुकड्यावरून आधी ठरवलं कसं आणि मग बदललं कशावरून? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

गाळाचा_दगड:
दातांवर इतका भर कारण इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण भाग, बाकी हाडं कुजतात, प्राणी फोडतात, दात मात्र टिकतात. रामापिथेकसचा वरच्या जबड्याचा तुकडा १९३२ मध्ये अमेरिकी संशोधक लुईसना हिमाचलातल्या हरितल्यांगरजवळ मिळाला. माणसासारखे सुळे लहान दिसले, दाढांचं इनॅमल जाड, म्हणून साठच्या दशकात सायमन्स आणि पिलबीम या जीवाश्म अभ्यासकांनी त्याला आपल्या वंशात बसवलं. पण जबड्याचा मधला भागच हातात नव्हता! दोन्ही बाजू किती अंतरावर ठेवायच्या हे अंदाजाने ठरवलं आणि माणसासारखी गोलसर कमान तयार झाली. मला विचाराल तर खरी गफलत इथेच झाली.

मग १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना करून सांगितलं की माणूस आणि चिंपांझी फक्त ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि रामापिथेकस तर त्याच्या कितीतरी आधीचा. बरेच जीवाश्मवाले ऐकायला तयार नव्हते. शेवटी पिलबीम यांच्याच टीमला पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर शिवापिथेकसचा (रामापिथेकसशी मिळत्याजुळत्या दात-जबड्याचा जुना वानर) चेहरा मिळाला, १९८२ मध्ये छापून आला, उभट डोळ्यांच्या खोबण्या, दोन डोळ्यांमधलं अंतर अगदी कमी, थेट ओरांगउटान या वानराची ठेवण, म्हणजे हे वानर आपल्या नाही, ओरांगउटानच्या बाजूचे. रामापिथेकस आता शिवापिथेकसमध्येच धरतात. पिलबीमनी स्वतःचं मत जाहीरपणे बदललं, ह्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

पाऊलवाट:
मस्त समजलं, धन्यवाद! म्हणजे कवटी मिळाली की प्रश्न सुटतो का?

रेवाकाठ:
बऱ्यापैकी सुटतो, पण कवटीचा कुठला भाग मिळाला ते बघायचं. मज्जारज्जू ज्या भोकातून खाली उतरतो ते कवटीच्या तळाशी पुढे असेल तर डोकं मणक्यावर सरळ तोललेलं, म्हणजे दोन पायांवर चालणारा. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या टाँगच्या पोराच्या (टाँग गावाजवळच्या लहान मुलाच्या कवटीच्या) बाबतीत शरीरशास्त्रज्ञ डार्टनी हे ह्यावरूनच ओळखलं, दुधाचे दात होते म्हणून पोर हेही कळलं.

उलट आपलं नर्मदेचं बघा. ५ डिसेंबर १९८२ ला भूवैज्ञानिक अरुण सोनकियांना मध्य प्रदेशात हथनोऱ्याला कवटीचा उजवा भाग मिळाला, चेहरा नाही, एकही दात नाही. आधी होमो इरेक्टस (माणसाची जुनी, नामशेष जात) म्हटलं, नंतर काहींनी आद्य होमो सेपियन (आपल्याच जातीचं जुनं रूप) म्हटलं, वाद अजून चालूच आहे. तिथे दातांसकट एखादा जबडा निघाला तर किती गोष्टी उलगडतील, त्या गाळात अजून खूप शोध व्हायला हवा असं मनापासून वाटतं. आणि भाचीला सांगा, जुन्या नोट्समधलं ते पान फाडू नको, शेजारी शिवापिथेकसच्या चेहऱ्याचं १९८२ लिहून ठेव.