मत एक, वागणूक वेगळी : परदेशी राहिलेल्यांचे अनुभव

स्थलांतरितांविषयी लोकांना काय वाटते हे जनमत चाचण्यांतून कळते. पण तसे वाटणाऱ्या माणसाच्या शेजारी वर्षानुवर्षे राहताना काय वाट्याला येते, हे तिथे राहणाऱ्यांनीच सांगावे लागते. म्हणून हा अनुभव धागा काढत आहे.

मी 16 वर्षे ऑस्ट्रेलियात राहते. येथे स्कॅनलन फाउंडेशन 2007 पासून सामाजिक एकोप्याची पाहणी करते. 2024 च्या पाहणीत 49 टक्के लोकांनी स्थलांतरितांची संख्या फार जास्त आहे असे सांगितले, आणि त्याच पाहणीत बहुसांस्कृतिकता देशाच्या हिताची ठरली आहे असे 85 टक्के लोक म्हणाले. या दोन आकड्यांची बेरीज 100 च्या बरीच पुढे जाते, म्हणजे किमान एक तृतीयांश लोकांनी ही दोन्ही उत्तरे दिली असली पाहिजेत. माझे शेजारी त्यांपैकीच एक असावेत असे मला वाटते. ते लहान होते तेव्हा या देशात 1901 चा कायदा लागू होता. नको असलेल्या प्रवाशाला कोणत्याही युरोपीय भाषेतला 50 शब्दांचा उतारा लिहायला लावून बंदरावरूनच परत पाठवण्याची सोय त्यात होती. ही परीक्षा 1958 मध्ये रद्द झाली आणि वंशावर आधारलेल्या धोरणाचे उरलेसुरले अवशेष 1973 मध्ये निघाले. माझे पती रुग्णालयात असताना हेच शेजारी पाच आठवडे रोज सकाळी माझ्या मुलीला शाळेत सोडत होते. त्याच काळात एकदा त्यांनी मला सांगितले की आता या देशाने काही वर्षे दार लावून घ्यायला हवे. मी गप्प राहिलेली पाहून ते घाईने म्हणाले, “हे मी तुमच्याबद्दल बोलत नाही.” त्या क्षणी मला हायसे वाटले, आणि रात्री त्या हायसे वाटण्याचाच त्रास होऊ लागला, कारण जिच्याबद्दल ते बोलत होते ती बाई माझ्यापेक्षा कोणत्या बाबतीत वेगळी होती, याचे उत्तर मला सापडत नव्हते. वेगळेपण इतकेच होते की तिची आणि त्यांची ओळख झालेली नव्हती.

लोकांचे मत आणि त्यांची वागणूक यांतले असे अंतर ज्यांनी अनुभवले असेल, त्यांनी एखादा प्रसंग सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. व्यक्तींची आणि संस्थांची नावे कृपया लिहू नयेत.

इंग्लंड, निवृत्त शिक्षक

मी लेस्टर शहरात 27 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने 1972 मध्ये युगांडातील आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने ‘युगांडा अर्गस’ या तिथल्या वृत्तपत्रात जाहिरात दिली. शहरातली घरे, शाळा आणि आरोग्यसेवा यांच्यावर आधीच ताण आहे, तेव्हा तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका, असा तिचा आशय होता. ब्रिटनमध्ये तेव्हा सुमारे 28,000 लोक आले आणि त्यांतले हजारो त्याच शहरात स्थायिक झाले. 2021 च्या जनगणनेत लेस्टरमध्ये कोणताही एक वांशिक गट निम्म्याहून अधिक उरला नव्हता, आणि आज शहर आपली ओळख करून देताना याच विविधतेचा अभिमानाने उल्लेख करते.

हा सगळा इतिहास मला माहीत होता, परंतु तो माझ्याच शिक्षकखोलीत बसलेला आहे हे मला नोकरीच्या बाराव्या वर्षी कळले. आमच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला थांबवून घेतले आणि सांगितले की 1972 मध्ये, नुकत्याच नोकरीला लागलेल्या असताना, नव्या कुटुंबांना शहरात येऊ देऊ नये अशा अर्जावर त्यांनी सही केली होती. त्यांच्या वर्गात आधीच 38 मुले होती आणि आणखी दहा मुले कुठे बसवायची या चिंतेने त्यांना झोप येत नव्हती. पुढच्या जानेवारीत त्या दहांपैकी सहा मुले त्यांच्याच वर्गात आली. त्या मुलांना वाचायला शिकवण्यासाठी बाईंनी शनिवारचे वर्ग सुरू केले आणि ते 20 वर्षे चालवले. सहीबद्दल मात्र त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. “मी सही केली तेव्हा मला बाके दिसत होती, मुले दिसत नव्हती,” असे त्या म्हणाल्या.

मला त्यांच्याविषयी राग आला नाही. बाके खरोखरच कमी होती. संख्येची भीती आणि माणसाचा द्वेष यांना आपण एकाच नावाने हाक मारतो, आणि मग ज्याला फक्त भीती वाटत असते तोही द्वेष करणाऱ्यांच्या गोटात जाऊन उभा राहतो, हे मला त्या दिवशी प्रकर्षाने जाणवले.

संयुक्त अरब अमिराती, लेखापाल

माझा अनुभव थोडक्यात लिहितो, कारण वर विचारलेला प्रश्न येथे जवळजवळ उद्भवतच नाही. या देशातील दहापैकी जवळजवळ नऊ रहिवासी परदेशी आहेत, सर्वसामान्य नोकरदाराला नागरिकत्वाचा मार्ग खुला नाही, आणि निवासाचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. 22 वर्षांत मला कोणी अपमानाचा शब्द बोलले नाही. त्याच 22 वर्षांत मी कायमचा राहिलो तर चालेल का, हेही मला कोणी विचारले नाही. दोन्ही पक्षांना जाण्याची तारीख आधीच माहीत असते, तेव्हा सौजन्य सोपे होते, असे माझे मत झाले आहे.

जर्मनी, यंत्र अभियंता

मी पूर्वीच्या पूर्व जर्मनीत मोडणाऱ्या सॅक्सनी राज्यातील एका छोट्या गावात नऊ वर्षे राहतो. पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले, त्यामुळे तिथल्या शहरांना परक्या शेजाऱ्यांची दोन पिढ्यांची सवय आहे. पूर्वेकडे व्हिएतनाम आणि मोझांबिक येथून कंत्राटी कामगार आणले गेले होते खरे, पण त्यांना वेगळ्या वसतिगृहांत ठेवले जाई आणि गावाशी त्यांचा संबंध येऊ नये अशीच व्यवस्था होती. आजही परदेशी लोकांचे प्रमाण पूर्वेत कमी आहे आणि त्यांना विरोध करणाऱ्या पक्षाला तिथेच अधिक मते मिळतात.

पहिले चार महिने बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहत असे. कोणी काही बोलत नसे, त्यामुळे तक्रार तरी कशाची करावी हे कळत नव्हते. नंतर गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात माणसे कमी आहेत अशी सूचना वाचली आणि मी नाव दिले. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये असे मांडले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा समान असावा लागतो, उद्दिष्ट एक असावे लागते, ते सहकार्यानेच साधणारे असावे लागते आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा असावा लागतो. दलात या चारही गोष्टी होत्या. आग विझवण्याचा पाइप धरताना माझ्या मागे उभा असलेला माणूस माझ्या उच्चारांकडे लक्ष देत नव्हता, आणि वर्षभरात बसमधली जागाही भरू लागली.

तरीही सगळे बदलले असे मी लिहिणार नाही. दलातल्या माझ्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्याने मला तोंडावर सांगितले की तो त्याच पक्षाला मत देतो आणि पुढेही देणार आहे. आम्ही त्यावर तीन तास बोललो. त्याचे गाव रिकामे होत चालले होते, तरुण पश्चिमेकडे गेले होते, शाळा बंद झाली होती, आणि आपल्याला न विचारता सगळे ठरते हा त्याचा मूळ सल होता. मला ते समजले. त्याच्या मताचा परिणाम माझ्या मुलांवर होऊ शकतो, हे मी त्याला सांगितले, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते. 27 जून 2024 पासून नागरिकत्वासाठी आवश्यक वास्तव्य आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आले, तेव्हा मी अर्ज केला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने तो निर्णय सोपा नव्हता. प्रमाणपत्र घेण्याच्या दिवशी तोच सहकारी दलाचा गणवेश घालून सभागृहात पहिल्या रांगेत बसला होता. त्याचे मत बदललेले नाही, आणि त्याच्याशी माझी मैत्री तुटलेली नाही. या दोन्ही गोष्टी मी एकत्र कशा सांभाळतो, हे मला नेमके सांगता येत नाही.

धागाकर्ती

आपल्या अनुभवाने मला पुष्कळ विचार करायला लावले. माझे शेजारी मतदानाच्या दिवशी काय करतात हे विचारण्याचे धैर्य मला 16 वर्षांत झालेले नाही. यजमान समाजाबद्दल आपण पुष्कळ लिहिले. स्थलांतरितांच्या स्वतःच्या मतांबद्दल कोणी लिहील का?

कॅनडा, रुग्णालयातील तंत्रज्ञ

मी लिहिते, आणि लिहिताना मला संकोच वाटतो आहे. कॅनडाने 1967 मध्ये शिक्षण, भाषा, कौशल्य यांना गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत आणली, 1971 मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून जाहीर केले आणि 1988 मध्ये त्याचा कायदा केला. मी त्याच गुणांच्या पद्धतीने 2004 मध्ये आले. एन्व्हायरॉनिक्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत स्थलांतरित फार जास्त येत आहेत असे म्हणणारे 2022 मध्ये 27 टक्के होते, 2023 मध्ये 44 आणि 2024 मध्ये 58 टक्के झाले. त्या 58 टक्क्यांसारखेच माझे मत होते, आणि बोलण्याच्या ओघात ते मत परदेशी विद्यार्थ्यांवर घसरत असे. आम्ही रांगेत उभे राहून आलो, ही मुले मागच्या दाराने आली, असे मी माझ्या मैत्रिणींमध्ये अनेकदा म्हटले आहे.

एका रात्री आमच्या विभागात थंडीने आजारी पडलेला एक विद्यार्थी आला. तो सहा जणांसह एका खोलीत राहत होता आणि त्या खोलीत हीटर चालत नव्हता. त्याने शुल्काचा आकडा सांगितला, तेव्हा माझ्या लक्षात आले की त्याला कोणत्याही मागच्या दाराने घेतलेले नव्हते. स्थानिक विद्यार्थ्यांच्या कितीतरी पट पैसे घेऊन त्याला बोलावले होते, आणि तो राहणार कुठे याचा विचार बोलावणाऱ्यांनी केलेला नव्हता. घरे कमी पडली, भाडी वाढली, आणि दोष त्याच्या चेहऱ्यावर येऊन बसला. तो चेहरा माझ्यासारखाच असल्याने मला त्याच्यापासून स्वतःला वेगळे दाखवण्याची घाई झाली होती, असे आता वाटते.

सरकारने जानेवारी 2024 मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि त्याच वर्षी पुढे 2025 साठी कायम निवासाचे लक्ष्य 5,00,000 वरून 3,95,000 वर आणले. मला ते तेव्हा योग्य वाटले आणि आजही वाटते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका पाहणीचा फोन आला, तेव्हा मी संख्या जास्त आहे हेच उत्तर दिले. ते का, असे पलीकडच्या मुलीने विचारावे म्हणून मी थोडा वेळ थांबले, पण ती पुढच्या प्रश्नाकडे वळली होती.