टॅपिंग थेरपी (ईएफटी, इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) भावासाठी चालू ठेवावी का? ठाणे–नवी मुंबईत कोणाला दाखवावं?

खाडीकिनारी

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

धाकटा भाऊ, वय २६, कळव्याला आमच्यातच राहतो, महापेला नोकरी. गेल्या पावसाळ्यात गायमुख घाटात त्याची बाईक घसरली. हात मोडला होता तो जुळला. पण मागून येणारा ट्रक त्याच्यापासून हातभरावर थांबला, ते काही डोक्यातून जात नाही. घोडबंदर रोडचं नाव काढलं तरी तळहात घामेजतात, रात्री दचकून उठतो. आधी विटाव्यावरून बाईकने सुसाट जायचा, आता ठाण्याला जाऊन ट्रान्स हार्बर पकडतो. घणसोलीला उतरल्यावर रिक्षाशेजारून ट्रक गेला तरी अंग चोरून बसतो, असं त्याच्या मित्राने सांगितलं. स्वतः काहीच बोलत नाही.

फॅमिली डॉक्टरांनी एसिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची गोळी) सुरू केली आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. त्यावर साहेबांचं उत्तर, "ताई, मला काय ठाण्याला पाठवतेस?" (कळव्याचा माणूस. रोज ठाणे स्टेशनात गाडी बदलतो. तरी हेच!)

मग कोपरखैरण्याच्या मावशीने तिच्या ओळखीतल्या एका टॅपिंगवाल्या मॅडमचं नाव सुचवलं. तिथे तो लगेच तयार झाला, कारण तिथे कोणी त्याला पेशंट म्हणत नाही. मी सोबत बसले होते. आधी भीतीला शून्य ते दहामध्ये आकडा द्यायचा. मग तळहाताच्या कडेवर बोटांनी टकटक करत म्हणायचं, "मला ही भीती वाटत असली तरी मी स्वतःला मनापासून, पूर्णपणे स्वीकारतो." मग भुवईची सुरुवात, डोळ्याची बाहेरची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, गळ्याचं हाड, काखेखाली, टाळू. परत आकडा. तो नऊ म्हणाला होता, उठताना चार म्हणाला. त्या रात्री झोपलाही. म्हणून मला हे सरळ थोतांड म्हणून उडवून लावता येत नाहीये.

अडचण पुढे आहे. आता पंचवीस हजारांचं पॅकेज घ्या म्हणतात. शिवाय गोळ्यांनी मेरिडियन (म्हणे शरीरातल्या ऊर्जेच्या वाहिन्या) अडतात, त्या सोडायला लाग, असं त्या त्याला म्हणाल्या आणि त्याने परस्पर गोळ्या बंद केल्या. पुढच्या वेळी अख्खा अपघात सिनेमासारखा डोळ्यांसमोर आणून त्यावर टॅपिंग करणार आहेत. मला ह्याचीच जास्त धास्ती वाटते.

ह्यात काही तथ्य आहे का? चालू ठेवलं तर अपाय होईल का? आणि नाही तर मग कोणाकडे जायचं? कृपया "सगळं मनाचे खेळ" वगैरे लिहू नका, ते घरात रोज ऐकतोय.

शंकासुर

उगम सांगतो. १९८०च्या सुमारास रॉजर कॅलहन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाकडे पाण्याला घाबरणारी एक बाई यायची. त्याने तिला डोळ्याखाली टकटक करायला सांगितलं आणि तिची भीती गेली, असा त्याचा दावा. त्यातून त्याने थॉट फील्ड थेरपी काढली, प्रत्येक तक्रारीला टकटकीचा वेगळा क्रम. त्याचा विद्यार्थी गॅरी क्रेग, शिक्षणाने इंजिनिअर. त्याने १९९०च्या दशकात सगळे क्रम मोडीत काढून सगळ्या दुखण्यांना एकच क्रम लावला, तीच ईएफटी. आता गंमत बघा. गुरू म्हणतो क्रम महत्त्वाचा, चेला म्हणतो कुठलाही चालेल, आणि दोघांचेही पेशंट बरे होतात!

२००३ मध्ये कॅनडातल्या वेट आणि होल्डर ह्यांनी ११९ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटाने ईएफटीच्या बिंदूंवर टकटक केली, दुसऱ्याने हातावर भलत्याच जागी, तिसऱ्याने चक्क बाहुलीवर, चौथा गट कागदाचं खेळणं करत बसला. टकटक करणाऱ्या तिन्ही गटांची भीती कमी झाली, खेळणंवाल्यांची नाही. बाहुलीला कुठल्या आल्या मेरिडियन?

मोगरा_ऐरोली

शंकासुर, तुमच्या त्याच प्रयोगात भीती कमी झाली हेही लिहिलंय तुम्ही. मी विमानात बसण्याआधी करते, मला फरक पडतो. २०१२ मध्ये ८३ जणांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात एका तासाच्या ईएफटीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) सरासरी २४ टक्क्यांनी उतरलं, नुसत्या गप्पा मारणाऱ्यांचं तेवढं नाही.

खाडीकिनारी, पंचवीस हजार मात्र देऊ नका. क्रेगने स्वतःची पुस्तिका कित्येक वर्षं फुकट वाटली होती. बिंदू तर तुम्ही आत्ता वर लिहिलेच आहेत, झालं की.

शंकासुर

त्या अभ्यासाचा मुख्य लेखक स्वतः ईएफटीचे वर्ग घेतो, एवढंच नोंदवतो.

वाफाळता_चहा

नवी मुंबईत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. भावाला पाहिलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही, पण तुम्ही लिहिलेलं सगळं (दचकून उठणं, तो रस्ता टाळणं, ट्रक दिसताच आक्रसणं, महिनाभराच्या पुढे टिकणं) आघातानंतरच्या ताणाच्या विकाराकडे, म्हणजे पीटीएसडीकडे बोट दाखवतं. तपासून घ्यायलाच हवं.

आधी गोळ्या. एसिटालोप्राम अचानक तोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात, आणि मग भीतीच परत आली असं पेशंटला वाटतं. मुळात तिचा गुण यायला काही आठवडे लागतात. गोळी अडवेल असं मेरिडियन नावाचं काही शरीरात सापडलेलं नाही. ज्यांनी गोळी लिहिली त्यांना आजच फोन करा. पुन्हा सुरू करायची की कशी, ते त्यांनाच ठरवू दे.

आता तो नऊवरून चारवर का आला? खोटं बोलला नाही तो. ज्या आठवणीपासून पळतो तिच्याकडे त्याने सुरक्षित खोलीत, शेजारी बहीण बसलेली असताना, थोडा वेळ बघितलं. लक्ष अर्धं बोटांवर, अर्धं आठवणीवर. श्वास संथ झाला. भीतीला आकडा दिला की ती मोजता येते, हेही कळलं. तो आकडाही ईएफटीचा नाही, वर्तनोपचार करणाऱ्या जोसेफ वोल्पीने तो आधीच वापरात आणला होता. भीतीला थोडं थोडं सामोरं जाणं हा आमच्या उपचारांचाही गाभा आहे. टॅपिंग त्यात काय भर घालतं ह्यावर वाद आहे. उतारा म्हणून घरी केलं तर बिघडत नाही.

पण सिनेमावाला प्रकार थांबवा. अख्खा अपघात एका बैठकीत समोर आणायचा तर समोरच्या व्यक्तीला तो पूर कसा ओसरवायचा हे यायला हवं. पेशंट सुन्न पडला, त्याला आजूबाजूचं भान राहिलं नाही, तर मॅडम काय करणार? हा प्रश्न त्यांना विचारून बघा. उत्तरावरून कळेल.

ज्याला भक्कम आधार आहे ते उपचार दोन: ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (आघाताभोवतीचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा संवादोपचार) आणि ईएमडीआर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन्ही आहेत. ईएमडीआर फ्रान्सिन शापिरोने १९८७ मध्ये सुरू केलं. त्यात नजर डावी-उजवीकडे फिरवतात, कधी हातांवर आळीपाळीने टकटकही करतात, म्हणून लोक त्याची ईएफटीशी गल्लत करतात. वेगळं आहे ते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. नंबर मागायला लाजू नका, मला विचारला तर मी देते. आणि भावाला एकदा सरळ विचारा, जगणं नको असं वाटतं का. विचारल्याने असले विचार डोक्यात भरत नाहीत. हो म्हणाला तर थांबू नका, त्याला एकटं ठेवू नका. टेली मानसचा १४४१६ रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पारसिक_बोगदा

ठाण्याला पाठवण्याबद्दल भावाला सांगा, १९०१ पासून ते मनोरुग्णालय उभं आहे, ओपीडीत लोक सकाळी येतात आणि दुपारी घरी जेवायला जातात. शिवाय मुलुंड आणि ठाण्याच्या मधलं नवं स्टेशन त्याच जागेवर व्हायचंय. झालं की आपण सगळेच रोज तिकडे उतरणार.

विनोद बाजूला. नौपाड्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. नात्यातल्या एकाला नेलं होतं, वेटिंगमध्ये शाळकरी पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे. तिथे तुमच्या भावाला कोणी वळून बघणार नाही.

खाडीकिनारी

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलले, गोळी पुन्हा सुरू झाली. तो दुसरा प्रश्नही विचारला. "नाही गं, तसलं काही नाही, फक्त दमलोय" म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलत बसला. अपघातानंतर पहिल्यांदाच इतका.

मॅडमना विचारलं, भान सुटलं तर काय करता. "तसं होतच नाही" म्हणाल्या. पॅकेजला नकार कळवलाय. मावशी रुसली आहे, ते मी बघते.

भाऊ मानसोपचारतज्ज्ञांकडे यायला तयार आहे, पण एका अटीवर: टॅपिंग सोडायला सांगायचं नाही. हे त्यांना आधी सांगावं का? चिडतील का?

वाफाळता_चहा

जरूर सांगा. त्याला कशाने बरं वाटतं ही आमच्यासाठी कामाची माहिती असते. ह्यावर चिडणारा डॉक्टर भेटला तर दुसरा शोधा.

खाडीकिनारी

बरं वाटलं वाचून. शेवटचं विचारते: ईएमडीआर शिकलेलं, शनिवारी किंवा संध्याकाळी सातनंतर वेळ देणारं कोणी ऐरोली ते वाशी पट्ट्यात माहीत आहे का? त्याला सुट्टी टाकायची नाहीये, ऑफिसात कारण सांगावं लागेल म्हणून.

मोगरा_ऐरोली

व्यक्तिगत निरोप पाठवलाय. वाशी स्टेशनपासून चालत जाता येतं, शनिवारी दुपारी असतात. आधी फोन करा, त्यांच्याकडे नंबर लवकर लागत नाही.